वीस नवी घरं आणि गावचा पैसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पुणे-बेंगळूरची वीसेक कुटुंबं एकत्र चाळीस एकर जमीन घेऊन राहायला येणार आहेत. मातीची घरं, बिनविषारी शेती, मुलांसाठी स्वतःची शाळा आणि एक पाहुणेघर असा त्यांचा बेत आहे. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो रोजगार येईल, दुसरा म्हणतो जमिनी जातील. पंचायतीवर निवडून आलेल्या एका तरुणानं विचारलंय की अशा वस्तीनं गावच्या आणि तालुक्याच्या बाजारपेठेचं नेमकं काय होतं, आणि बोलणी करायला बसल्यावर गावानं काय मागावं.

मी अठ्ठावीस वर्षं खानापूर, हल्याळ आणि मुंडगोड तालुक्यांतल्या लहान सोसायट्यांची, दूध संघांची आणि बायकांच्या बचत गटांची दप्तरं तपासली. या कामानं एक सवय लागली. आलेला पैसा सगळेच मोजतात, मी गेलेला आधी मोजतो. गावात शंभर रुपये आले आणि त्यातले वीसच गावात फिरले, बाकीचे लगेच बेळगावला किंवा त्याही पुढं गेले, तर सगळे फेरे धरून गावात एकशे पंचवीस रुपयांचीच उलाढाल होते. दर फेऱ्याला साठ थांबले तर तेच शंभर रुपये अडीचशेची उलाढाल करतात : शंभर, मग साठ, मग छत्तीस, मग साडेएकवीस, असे ते हातातून हातात जातात. वस्ती किती पैसेवाली आहे याच्याशी या हिशोबाचा संबंध नाही. ती आपली पिशवी कुठं भरते आणि तिच्याकडून पैसे घेणारा पुढं ते कुठं खर्च करतो, एवढंच बघायचं.

दोन्ही तट या वस्तीला आहे त्यापेक्षा फार मोठी समजतायत, म्हणून आधी तिचा आकार बघू. वीस कुटुंबं म्हणजे ऐंशी माणसं धरा. माणशी महिन्याला 6 किलो तांदूळ म्हटला तर वर्षाला 58 क्विंटलच्या आत. इंद्रायणीचं एकरी 20 क्विंटल भात आणि त्याचा 13 क्विंटल तांदूळ धरला तर साडेचार एकर शिवारात सगळ्या वस्तीचं वर्ष निघतं. दूध माणशी पाव लिटर, म्हणजे दिवसाला 20 लिटर. तीन-चार दुभत्या म्हशी, आणि भाकड काळ धरून गोठ्यात सहा. भाजी दिवसाला 20 किलो. बस्स. आपल्या भागाची रताळी दसऱ्याच्या सुमाराला बेळगावच्या मार्केट यार्डातून ट्रक भरभरून उत्तरेकडं जातात. गोव्याची भाजी आणि दूध बऱ्याच अंशी बेळगाव भागातून जातं, तुमच्याच चोर्ल्याच्या रस्त्यानं. त्या मानानं ऐंशी माणसांचं जेवण किरकोळ आहे. 'आपला माल ते घेतील' या आशेवर कुणीही पीक बदलू नये. चार-पाच घरांना मात्र बारमाही, ठरल्या भावाचं गिऱ्हाईक मिळू शकतं. रताळ्याची आवक वाढली की भाव कसा कोसळतो हे बघितलेल्या माणसाला ठरल्या भावाची किंमत सांगावी लागत नाही.

म्हणजे खाण्याचा पैसा लहान आहे. मोठा पैसा बांधकामात, मजुरीत, पाहुण्यांत आणि वस्ती जे काही बनवून बाहेर विकेल त्यात आहे.

बांधकामाचा पैसा एकदाच येतो, पण एकदम येतो. याच वेळी गाव झोपलेलं असतं. नकाशे शहरात काढलेले, गवंडी बाहेरचे, सिमेंट-सळई, फरशी, नळ, काचा सगळं बाहेरून. गावाच्या वाट्याला पाया खणणं आणि डोक्यावरून पाट्या वाहणं येतं. पण या लोकांना मातीची घरं हवी आहेत, आणि तिथंच आपलं पारडं जड आहे. खानापूर हा कुंभारांचा आणि कौलांचा तालुका. खादी-ग्रामोद्योग आयोगाची मातीकाम शिकवणारी संस्था खानापुरातच आहे. चिऱ्याचं काम जाणणारे गवंडी आपल्याकडं आहेत, सुतार आहेत, मंगळुरी कौलांचं छप्पर उतरवून परत शाकारणारे हात अजून आहेत. तमिळनाडूत, पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिल नावाची अशीच वेगळ्या रीतीनं राहणाऱ्या लोकांची वस्ती आहे, तिथं 1989 साली मातीच्या बांधकामाची एक संस्था सुरू झाली. ती मातीत थोडं सिमेंट घालून दाबून विटा करते, म्हणजे भट्टी लागत नाही, आणि ते यंत्र चालवायला आणि बांधायला शिकवते. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की हाताला लागलेलं कसब घर बांधून झाल्यावर संपत नाही, ते घेऊन माणूस दुसरीकडं कामाला जाऊ शकतो. तेव्हा बांधकामाच्या बोलणीत 'आमच्या किती माणसांना काम देणार' एवढ्यावर थांबू नका. 'आमच्या किती पोरांना मिस्त्री करणार' हे विचारा. पाटी वाहणाऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या हजेरीतला फरक तुम्हाला ठाऊक आहे.

आता मुंडगोडबद्दल सविस्तर सांगतो, कारण वेगळ्या रीतीनं राहणाऱ्या समाजाच्या शेजारी एक लहान तालुक्याचं गाव कसं जगतं हे मी तिथं वर्षानुवर्षं जवळून बघितलं. उत्तर कन्नडातल्या या गावाजवळ 1966 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. जंगल तोडून शेतं केली, कॅम्पांना नंबर दिले, आणि तिबेटमधले गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ तिथं नव्यानं उभे राहिले. हजारो भिक्खू आहेत. मठाचं स्वयंपाकघर मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा थक्क झालो होतो : पहाटे कणकेचे ढीग, माणूस बसेल एवढी पातेली, आणि दाराशी भाजीचा टेम्पो लागलेला. पीठ, डाळ, तेल, कोबी, बटाटा, लाकूड, गॅस, गाड्यांची दुरुस्ती, इलेक्ट्रिशियन, प्लंबर हे सगळं रोज लागतं. कन्नड, लमाणी, गवळी धनगर, आपले मराठी लोक, सगळ्यांना तिथं काम मिळालं.

पण मुंडगोडचं खरं मर्म मठांत नाही, स्वेटरांत आहे. कॅम्पातली कित्येक कुटुंबं थंडीत शहरोशहरी जातात, फुटपाथवर किंवा मैदानात दुकानं मांडून लोकरी कपडे विकतात आणि लोसार, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सुमाराला परततात. तिथल्या एका किराणा दुकानदाराची वही मी तपासायचो. त्याची उधारी हिवाळ्यात फुगायची आणि लोसारनंतर महिनाभरात साफ व्हायची. तो म्हणायचा, "साहेब, आमची दिवाळी फेब्रुवारीत असते." म्हणजे कमाई बाहेरची आणि खर्च इथला. त्याशिवाय परदेशातून मठांना येणारं दान आहे, ते वेगळं. ज्या वस्तीची कमाई बाहेरून येते आणि खर्च गावात होतो तिनं गाव उभं राहतं. जी वस्ती गावाकडूनच कमावते, म्हणजे गावात दुकान टाकते, तिनं नुसती वाटणी वाढते.

दुसरी गोष्ट जमिनीची. मुंडगोडची जमीन सरकारनं वसाहतीला पट्ट्यानं दिलेली आहे, ती विकता येत नाही. त्यामुळं शेजारच्या शेतकऱ्याच्या जमिनीला हात लागला नाही. ऑरोव्हिलचं उलट झालं. 28 फेब्रुवारी 1968 ला त्याची स्थापना झाली. पन्नास हजारांच्या वस्तीचा आराखडा होता, आज सव्वातीन हजारांच्या आसपास लोक राहतात. उजाड लाल माळावर त्यांनी बांध घातले, जंगल वाढवलं, हे काम डोळे दिपवणारं आहे आणि मी ते मनापासून मानतो. आजूबाजूच्या गावांतल्या हजारो लोकांना तिथं रोजगार आहे. पण जमीन तुकड्यातुकड्यानं विकत घ्यावी लागली. नाव झालं, पर्यटक आले, तसे जमिनीचे भाव चढले आणि मधले तुकडे बिल्डरांच्या डोळ्यांत भरले. आता तिथं शेती करायला जमीन घेणं शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. जमिनीचा मालक असलेल्या बापाचा मुलगा पाहुणेघरात खोल्या आवरतो, हे चित्र अशा ठिकाणी सगळीकडं दिसतं. पगार वेळेवर मिळतो, पण घर हलत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातला जमिनीचा भाग मला रोजगारापेक्षा जड वाटतो. 2020 च्या दुरुस्तीनं कर्नाटक भू-सुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमं गेली. त्याआधी शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, आता येते. दुसऱ्या बाजूला, 1974 पासून आपल्याकडं शेतजमीन खंडानं लावायला बंदी आहे. "आम्ही विकत नाही, पंधरा वर्षांच्या भाड्यानं देतो" हे कानाला चांगलं लागतं, पण शेतजमिनीच्या बाबतीत तो कागद टिकणार नाही, आणि पुढं वाद झाला तर दोघंही फसतील. मार्ग असा आहे. घरं, शाळा आणि पाहुणेघर यांना जेवढी जागा लागते तेवढीच, शक्यतो पडीक माळाची, विका आणि ती रीतसर बिनशेती करून घ्यायला लावा. शेतं विकू नका. त्यांना बिनविषारी तांदूळ, नाचणा, भाजी हवी आहे ना? ती तुमच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या सातबाऱ्यावर, आपल्याकडं उतारा म्हणतो त्यावर, त्यांच्या पद्धतीनं पिकवावी आणि भाव पेरणीआधी ठरवावा. वर हिशोब केला आहेच, साडेचार एकर भात आणि सहा म्हशी. यासाठी त्यांना चाळीस एकर कशाला लागतात, हे बैठकीत शांतपणे विचारा. उत्तर प्रामाणिक असेल तर जंगल राखायचं आहे असं ते सांगतील, आणि त्यात वाईट काही नाही. मग ते राखण लेखी घ्या, आणि पुढं प्लॉट पाडणार नाही हेही त्यातच घाला.

एक इशारा देतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारनं दिलेली जमीन 1978 च्या कायद्यामुळं सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, त्याच्या लगतच्या सर्व्हे नंबरांत काय चालतं आणि काय नाही याची चौकशी वन खात्यात आधी करा. एजंट हे सांगत नाही. त्याची दलाली खरेदीच्या दिवशी संपते.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांपुढं घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. अशाच एका वस्तीला (नाव आणि ठिकाण सांगत नाही) अकरा बायकांचा एक गट लोणचं पुरवायचा. गटाचा हिशोब मी बघायचो. वस्तीतली माणसं चांगली होती, घासाघीस न करता भाव दिला, बायकांना मान दिला. पण त्यांच्याकडं प्रत्येक बिल सगळ्यांच्या सभेत मंजूर व्हायचं आणि सभा कधी व्हायची, कधी नाही. एका वर्षी जानेवारीचं बिल मे महिन्यात मिळालं. गटाची प्रमुख वही छातीशी धरून माझ्याकडं आली. म्हणाली, "पैसं बुडाल्यालं न्हाईत सर. पण कैऱ्या आता संपल्या की वं. पुढच्या साली घालायचं काय?" कैरीचे दिवस पाच-सहा आठवड्यांचे. त्या काळात हातात रोकड नसेल तर वर्ष गेलं. बायकांनी खासगी सावकाराकडून उचल घेतली आणि त्या वर्षीचा नफा व्याजात गेला. दोष कुणाच्या हेतूत नव्हता, आणि मीही करारात मुदत घालायला सांगितलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कुठल्याही गटाला मी पहिलं वाक्य हेच लिहायला लावतो : माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे, आणि हंगामी मालाला अर्धी रक्कम आगाऊ. मोठ्या व्यापाऱ्याला उधारी पेलते, लोणचं घालणाऱ्या बाईला पेलत नाही.

मजुरीचं थोडक्यात. महिन्याचा बांधील पगार मिळायला लागला की पहिली ओढाताण जुलैत, लावणीच्या वेळी होते. चिखलणी झालेली असते, तरू, म्हणजे भाताची रोपं, तयार असतो आणि लावायला बायका मिळत नाहीत. जे शेतकरी वस्तीच्या बाजूचे असतात तेही त्या आठवड्यात विरोधात जातात. यावर सोपा तोडगा आहे : लावणीचे पंधरा दिवस आणि सुगीचे पंधरा दिवस वस्तीची कामं बंद. त्या लोकांनी पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या रीतीनं, शेतात उतरावं, त्यांना त्याची आवडही असते. जिथं असं झालं तिथं बाकीच्या कुरबुरी आपोआप कमी झालेल्या मी बघितल्या आहेत.

पाहुणेघराबद्दल फार आशा धरू नका. गोकर्णच्या कुडले आणि ओम किनाऱ्यांवर जाऊन बघा, पाऊस लागला की किनाऱ्यावरची झोपडी-हॉटेलं गुंडाळलेली असतात आणि चार महिने कामगार घरी. तुमच्याकडं तर कणकुंबीचा पाऊस, त्यात वीज दोन-दोन दिवस नाही. पाहुणा ऑक्टोबर ते मे. पाहुण्याच्या भरवशावर कर्ज काढून कुणी जीप घेऊ नये. मात्र पाहुण्यांना घरोघरी जेवायला पाठवण्याची पद्धत बसवता आली तर तो पैसा थेट चुलीपाशी पोचतो. तांबडा भात, नाचण्याची भाकरी, सोलकढी, फणसाची भाजी यासाठी शहरातला माणूस आनंदानं पैसे मोजतो.

राहिलं ते बनवून विकण्याचं, आणि इथं मला बाहेरचं उदाहरण द्यावंसं वाटत नाही, कारण आपल्याच जिल्ह्यात हुदली आहे. गांधीजींचे अनुयायी गंगाधरराव देशपांडे यांचं गाव. 1937 मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथं झालं आणि गांधीजी त्या खेड्यात येऊन राहिले. त्या काळात वेगळ्या रीतीनं जगायचं ठरवलेली माणसं तिथं होती, तीही आश्रम काढून, सूत कातून. त्यातून खादीचा सहकारी संघ उभा राहिला आणि आजही तिथं चरखे आणि माग चालतात. कातणारीला मिळणारी मजुरी कधीच फार नव्हती, हे मान्य. तरी ती तिच्या हातात, गावातच आणि बारा महिने पडते, शेतीत काम नसतानाही. आश्रमातली माणसं गेली तरी काम मागं राहिलं, कारण ते संघाच्या नावावर होतं आणि संघ गावातल्या लोकांचा होता. तुमच्याकडं येणारी मंडळी कोकम सरबत, मध, काजू, मातीची भांडी असलं काही काढायचं म्हणत असतील तर तो धंदा कुणाच्या नावानं निघतो हे बघा. वस्तीच्या ट्रस्टच्या नावावर निघाला तर गावकरी पगारी. सहकारी संघ काढला आणि त्यात निम्म्याहून जास्त सभासद गावातले असले, तर वस्तीला शहरातली गिऱ्हाइकं ठाऊक आहेत आणि तुम्हाला माल ठाऊक आहे, दोघांचं जमेल. दहा वर्षांनी निम्मी कुटुंबं परत गेली तरी, आणि काही जातातच, संघ राहील.

भाषेचा एक व्यवहारी मुद्दा आहे. आपल्याकडं शेतकरी मराठी वाचतो, कागद कन्नडमध्ये होतो आणि घेणारा इंग्रजीत बोलतो. या तिघांमध्ये जो दुभाषी उभा राहतो त्याच्या हातात सगळा व्यवहार जातो. खरेदीखत असो वा पुरवठ्याचा करार, सही करण्याआधी त्याचं मराठी भाषांतर चारचौघांत मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे, आणि वाचणारा दलालाचा माणूस नको. हायस्कूलमध्ये कन्नड शिकवणारे एखादे गुरुजी हे काम आनंदानं करतील. वस्तीच्या शाळेबद्दलही बैठकीतच बोलून घ्या. ती फक्त वस्तीच्या मुलांची राहिली तर दोन्हीकडची पोरं एकमेकांना कधी भेटणारच नाहीत. आठवड्यातले दोन दिवस तिचे वर्ग गावच्या मराठी शाळेत भरवता आले तर तुमच्या शाळेचा पटही टिकायला मदत होईल.

आता कामाला कुठून सुरुवात करायची ते सांगतो. येत्या महिन्यात गावातल्या दहा घरांना एकेक वही द्या. रोज संध्याकाळी तीन रकाने भरायचे : काय घेतलं, किती रुपयांचं, कुणाकडून. गावातल्याकडून, खानापुरातून की बेळगावातून, एवढंच लिहायचं. बायकांना बसचा प्रवास मोफत झाल्यापासून बेळगावची खरेदी वाढली आहे असं माझ्या बघण्यात आहे, पण त्याच बसनं भाजीच्या पाट्या घेऊन विकायला जाणाऱ्याही वाढल्या, तेव्हा विक्रीचा चौथा रकाना ठेवायला विसरू नका. महिन्याअखेर बेरीज केली की आज तुमच्या गावात शंभरातले किती रुपये थांबतात ते कळेल. तीच वही वस्तीतल्या कुटुंबांनाही द्या आणि सहा महिन्यांनी ग्रामसभेत दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडा. चांगल्या हेतूनं आलेली माणसं याला नाही म्हणत नाहीत.

बैठक लावणी आटोपल्यावर, श्रावणात ठेवा, म्हणजे शेतकऱ्याला बसायला वेळ असेल. त्या दिवशी पावसामुळं वस्तीतले किती जण येऊ शकतात तेही दिसेल. येताना सर्व्हे नंबरांची यादी, गवंडी-सुतारांची नावं आणि दुभत्या जनावरांचा आकडा लिहून आणा. तारीख ठरली की मला कळवा. मी येतो, आणि माझं येणं-जाणं मीच बघेन.